बडोद्यात मुलं वाचायला कशी शिकत आली

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर शनिवारी सकाळी सात-आठ मुलं जमतात. फरशीवर खडूनं बाराखडी काढलेली असते. मी ‘की’ म्हटलं की ‘की’च्या चौकोनात उडी मारायची, ‘मा’ म्हटलं की ‘मा’च्या. मागच्या शनिवारी दुसरीतली एक मुलगी ‘दिवा’पाशी अडली. डोळ्यांना आधी वेलांटी दिसते आणि मग द. तोंडाला मात्र आधी द लागतो. तिनं ‘इद... इदवा’ असं म्हटलं आणि माझ्याकडे पाहिलं. तिची चूक अगदी हुशारीची होती. जे जसं दिसलं, तसं तिनं वाचलं.

या मुलांच्या घरात मराठी आणि शाळेत गुजराती. पाटीवर ग, म, न लिहून वरची रेघ बोटानं पुसली की तीच अक्षरं जवळजवळ गुजराती होतात, आणि हे पाहताना मुलांचे डोळे मोठे होतात. क, ज, अ यांना ही युक्ती चालत नाही; ती नव्यानं ओळखावी लागतात. आपल्या शहरातल्या मुलांना वाचनाचं हे दुहेरी ओझं पिढ्यान्‌पिढ्या आहे, म्हणून त्याची हकीकत नीट सांगाविशी वाटते.

पंतोजींच्या शाळेत सुरुवात धूळपाटीनं होई. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची, त्यात बोटानं नाहीतर काडीनं अक्षर काढायचं, फळी हलवली की पाटी पुन्हा कोरी. हात बसला की बोरू आणि कित्ता. ‘धुळाक्षरं’, ‘कित्ता गिरवणं’ हे शब्द तिथलेच, आणि ‘ओनामा’ हा ‘ॐ नमः सिद्धम्’चा मुलांच्या तोंडी झालेला आकार. त्या पद्धतीत हाताला वळण उत्तम लागे. समजून वाचणं मात्र फार पुढे यायचं, तोवर सगळं पाठांतर. आणि मुली, शेतकऱ्यांची मुलं, अस्पृश्य मानलेल्या जातींची मुलं यांच्यापैकी फारच थोड्यांच्या वाट्याला ती फळी येई.

पुढच्या गोष्टीची सुरुवात अशाच एका शेतकऱ्याच्या मुलापासून होते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे गोपाळराव २७ मे १८७५ रोजी बडोद्याच्या राजघराण्यात दत्तक येऊन सयाजीराव झाले, तेव्हा ते बारा वर्षांचे होते आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. आजच्या हिशेबानं सहावी-सातवीतलं मूल. एलियट नावाच्या शिक्षकाच्या देखरेखीखाली त्यांनी मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा पहिल्यापासून शिकायला घेतल्या आणि १८८१च्या अखेरीस राज्याचा कारभार हाती घेतला. उशिरा वाचायला लागलेल्या मुलाबद्दल कुणी ‘आता काय उपयोग’ म्हटलं की मला ते बारा वर्षांचे गोपाळराव आठवतात. अर्थात, त्यांच्याशेजारी रोज कुणीतरी बसत होतं, हे विसरून चालणार नाही.

याच राजानं १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो कायद्यानं सगळ्या संस्थानाला लागू केला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होई. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानासाठी असंच विधेयक मांडलं तेव्हा बडोद्याचं उदाहरण त्यांच्या हाताशी होतं. विधेयक फेटाळलं गेलं, पण एका संस्थानाला जमतं हे सगळ्यांना कळून चुकलं होतं.

शाळेत शिकलेली अक्षरं पुढे वाचायला काही मिळालं नाही तर विसरली जातात, हेही इथे लवकर ध्यानात आलं. १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून मध्यवर्ती ग्रंथालय आणि गावोगावची वाचनालयं उभी करण्याचं काम सोपवलं गेलं. पुस्तकांच्या पेट्या खेड्यांत फिरू लागल्या. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळी सोय झाली. श्री सयाजी साहित्यमालेबरोबर श्री सयाजी बालज्ञानमालाही निघाली. मांडवीजवळच्या त्या ग्रंथालयात माझ्या आजोबांनी बोट धरून मला नेलं होतं, तेव्हा यामागे एवढा विचार आहे हे कुठलं ठाऊक असायला!

शिकवण्याची रीत बदलली ती मात्र बडोद्याबाहेर, भावनगरात. १९२० मध्ये गिजुभाई बधेका यांनी दक्षिणामूर्ती संस्थेचं बालमंदिर सुरू केलं आणि इटलीच्या मारिया मॉन्टेसरींची, मुलाला हातांनी करत शिकू देणारी पद्धत आपल्या मातीत रुजवली. ताराबाई मोडक त्यांच्यासोबत काम करू लागल्या आणि पुढे महाराष्ट्रातल्या बोर्डी, कोसबाडला त्यांनी अनुताई वाघांसह ती मराठी मुलांपर्यंत नेली. खरकागदाच्या अक्षरांवरून मूल बोट फिरवतं, तोंडानं ध्वनी म्हणतं. मला त्यात धूळपाटीच दिसते. फरक एवढाच की आता बोटाबरोबर आवाजही चालतो आणि छडी गेलेली असते. मराठीत ‘अ आ इ ई’ऐवजी ‘ग म भ न’ असा वळणाला सोप्या अक्षरांचा क्रम रुळला, तोही मुलाच्या हाताचा विचार करूनच.

एवढं सगळं होऊनही तिसरी-चौथीत बसलेल्या कित्येक मुलांना साधं वाक्य वाचता येत नव्हतं. शंभर वर्षांपूर्वी ज्या शहरानं मुलांना शाळेत आणलं, तिथलं हे चित्र मनाला लागतं. २००१च्या सुमारास मुलांच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या ‘प्रथम’ संस्थेनं मुंबईबरोबर बडोद्याच्या महानगरपालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ नेमल्या. बालसखी म्हणजे वस्तीतलीच, शाळा शिकलेली एखादी तरुण मुलगी. जेमतेम दोन आठवड्यांचं प्रशिक्षण, तुटपुंजं मानधन. मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना ती रोज दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसे आणि जिथे त्यांचं अडलं होतं तिथूनच सुरू करी. याच सुमारास ‘प्रथम’नं बाराखडीच्या तक्त्यावर आधारलेली वाचनाची रीतही बसवली: तक्ता मोठ्यानं म्हणायचा, गोष्ट बोट ठेवून वाचायची, मग त्यावर बोलायचं.

अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी या कामाची काटेकोर पाहणी केली. ती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. सगळ्यांत मागे असलेल्या मुलांचा फायदा सगळ्यांत जास्त झाला होता. ही मुलं बाहेर गेल्यामुळे उरलेला वर्ग लहान झाला, पण त्या वर्गातल्या मुलांच्या गुणांत काही फरक पडला नाही. नुसती पटसंख्या कमी करून भागत नाही, मुलाला जे येतं त्याच्या पुढचं पाऊल त्याला कुणीतरी शिकवावं लागतं, असा त्याचा अर्थ मी लावतो. २००५ पासून ‘असर’ या देशभरच्या पाहणीत अक्षर, शब्द, पहिलीचा उतारा, दुसरीची गोष्ट अशा पायऱ्यांनी मुलांचं वाचन मोजतात, तेही या विचाराला धरूनच. आमच्या ओसरीवर नवीन मूल आलं की आम्हीही आधी तेवढंच बघतो, त्याचं वय किंवा इयत्ता नंतर.

‘दिवा’वर अडलेल्या मुलीला मी ‘द, दा, दि, दी’ असं बोट ठेवून चारदा म्हणायला लावलं. मग ‘दिवा’, ‘दिवस’, ‘किती’, ‘मिठाई’. ‘मिठाई’ तिनं न थांबता वाचली आणि घरून मिठाई आणू का म्हणून विचारलं.

बडोद्याच्या त्या पाहणीत आणखी एक गोष्ट निघाली होती. बालसखी थांबल्यानंतर वर्षभरात मुलांनी मिळवलेलं बरंचसं ओसरून गेलं होतं. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीतही आम्ही ओसरी बंद ठेवत नाही. फक्त ऊन चढायच्या आत, साडेसातला बसतो.