कृत्रिम अरोरा: झोत सोडणे सोपे, परतफेड अवघड

1969 च्या जानेवारीत अमेरिकेतील वॉलप्सहून उडालेल्या अग्निबाणाने कृत्रिम अरोरा, म्हणजे ध्रुवीय प्रदेशात आकाशात दिसतो तसा प्रकाश, उमटवण्यासाठी सुमारे 10 हजार व्होल्टचा इलेक्ट्रॉन झोत खाली सोडला. जमिनीवरच्या कॅमेऱ्यांनी फिकट ठिपके टिपले. 1975 मध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या केर्गेलेन बेटावरून सोडलेला झोत पृथ्वीच्या चुंबकीय रेषेच्या दुसऱ्या टोकाला, रशियातल्या अर्खांगेल्स्कच्या बाजूला शोधला गेला. हे सर्वत्र लिहिलेले असते. परतीच्या प्रवाहाबद्दल मात्र एखादी ओळच.

इलेक्ट्रॉन फेकणारे यान धनभारित होत जाते. तितकेच इलेक्ट्रॉन आयनांबरातून (वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या थरातून) परत आले नाहीत तर यानाचा विभव (विद्युत पातळी, व्होल्टमध्ये) झोताच्या व्होल्टेजला भिडतो आणि झोत वळून यानावरच येतो. रात्री घनसेंटिमीटरमागे 1 लाख इलेक्ट्रॉन आणि 1000 केल्विन तापमान धरले, तर उघड्या धातूच्या चौरस मीटरला जेमतेम 0.8 मिलिअँपिअर मिळतो. अर्ध्या अँपिअरच्या झोताला 600 चौरस मीटरहून जास्त धातू हवा. विभव चढला की ओढ वाढते, पण चुंबकीय क्षेत्र तिला बाजूंनी अडवते. दिवसा इलेक्ट्रॉन दसपट; पण दिवसा अरोरा दिसणार कसा? म्हणूनच 1969 च्या अग्निबाणासोबत ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेली मोठी चकती पाठवली होती.

अग्निबाणाचा विभव अपेक्षेइतका चढत नाही असे पुढे दिसले आणि घोळ सुरू झाला. कारण म्हणून ‘बीम-प्लाझ्मा डिस्चार्ज’ हे नाव पुढे आले: झोताने उठवलेल्या लहरी भोवतालच्या इलेक्ट्रॉनांना तापवतात, ते वायूचे आयनीभवन करतात आणि परतीला प्लाझ्मा (मोकळे इलेक्ट्रॉन व आयन असलेला वायू) मिळतो. सत्तरच्या दशकात मोठ्या निर्वात टाकीत याचा उंबरठाही, म्हणजे किती प्रवाहाला हा डिस्चार्ज पेटतो तेही, मोजला गेला. लागणारा प्रवाह व्होल्टेजच्या दीडाव्या घाताने वाढतो. वायूचा दाब आणि झोताची लांबी वाढली की घटतो. टाकीत हे पक्के आहे. अवकाशात मात्र यानाजवळ काही चमकले की तेच नाव चिकटवले गेले. खरा डिस्चार्ज उंबरठ्यावर प्रकाश आणि रेडिओ गोंगाटासह एकदम उसळतो. चमक विभवासोबत हळूहळू वाढत असेल, तर यानाने खेचलेले इलेक्ट्रॉन त्याच्याच गळत्या वायूवर आदळत असतात. दोन्हींना एकच नाव दिल्याने जुन्या नोंदींची तुलना आजही अवघड जाते.

स्पेस शटलवर अडचण उघडी पडली. बाहेरचे आवरण बहुतांशी विद्युतरोधक, उघडा धातू मुख्यतः मागच्या इंजिनांच्या नोझलांपुरता. ती नोझले प्रवासाच्या उलट दिशेला, यानाच्या सावलीत आली की परतीचा प्रवाह आटतो. 1992 मध्ये साधारण 6 हजार व्होल्ट आणि एक अँपिअरच्या झोताने कक्षेतून अरोरा उमटवला, तेव्हा परतीच्या प्रवाहासाठी झेनॉनचा प्लाझ्मा सोडणारे उपकरण सोबत होते. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये अलास्काहून गेलेल्या अग्निबाणाचा झोत तर प्रकाशासाठी नव्हताच, लहरी उठवण्यासाठी होता.

आपल्या बेळगाव-खानापूरवर 300 किलोमीटर उंचीवरून झोत सोडला तरी तो आपल्या डोक्यावर उतरणार नाही. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते, त्यामुळे झोत ज्यांच्या वाटेने जातो त्या चुंबकीय रेषा इथे जवळपास आडव्या. 10 हजार व्होल्टचे इलेक्ट्रॉन 110 किलोमीटरच्या आसपास थांबतात. ती उंची गाठेपर्यंत झोत साधारण 500 किलोमीटर उत्तरेला, खानदेशावर पोचलेला असेल. दक्षिणेकडे सोडला तर आधी 430 किलोमीटरपर्यंत वर चढून मग हिंदी महासागरावर उतरेल.