कृष्णधवल स्लाइड : रोल देण्यापूर्वी वाचावे असे काही

ब्लॅक अँड व्हाइट रोल धुतला की निगेटिव्ह मिळते. त्याच फिल्मवर थेट पॉझिटिव्ह चित्रही, म्हणजे प्रोजेक्टरवर दाखवायची स्लाइडही आणता येते. या पद्धतीला रिव्हर्सल म्हणतात. आमच्याकडे हे काम हाताने होते, एका वेळी एकच रोल.

पहिल्या डेव्हलपरमध्ये नेहमीसारखीच निगेटिव्ह तयार होते. ती फिक्स न करता, म्हणजे न वापरलेले हॅलाइड (चांदीचे प्रकाशसंवेदी क्षार) काढून न टाकता, आम्ही पोटॅशियम परमँगनेट आणि सल्फ्युरिक आम्लाच्या ब्लीचमध्ये घालतो. त्यात ही काळी चांदी विरघळून जाते आणि उजेड न लागलेले हॅलाइड तेवढे मागे राहते. मग तपकिरी डाग काढायला मेटाबायसल्फाइट, त्यानंतर दिव्याखाली दुसरे एक्सपोजर, दुसरा डेव्हलपर आणि शेवटी फिक्सर. आता सावलीच्या जागी चांदी असते, उजळ जागी स्वच्छ फिल्म. परमँगनेटने इमल्शन (फिल्मवरचा चित्र धरणारा थर) मऊ पडते आणि द्रावण गरम असेल तर ते सुटूही शकते. म्हणून सगळी रसायने २० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावी लागतात. एप्रिल-मे महिन्यांत आम्ही दिवस जास्त मागतो ते यासाठीच.

एक्सपोजरबद्दल मात्र आग्रहाने सांगायचे आहे. निगेटिव्हमधली कसर प्रिंट काढताना बरीचशी भरून निघते. इथे कॅमेऱ्यातली फिल्म हेच अखेरचे चित्र. उजेड जास्त झाला तर ढग, पांढरा सदरा, चुन्याची भिंत यांच्या जागी कोरी फिल्म उरते आणि तिथला तपशील कशानेही परत येत नाही. म्हणून लाइट मीटर (उजेड मोजायचे साधन) उजळ भागावर लावा. महत्त्वाचे दृश्य अर्ध्या-अर्ध्या स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरकाने दोन-तीनदा घ्या. भर दुपारचे ऊन टाळलेले बरे, कारण रिव्हर्सलमध्ये कॉन्ट्रास्ट आधीच चढा असतो. रोलच्या सुरुवातीच्या चार-पाच फ्रेम चाचणीसाठी सोडल्यात तर तेवढा तुकडा आधी धुऊन आम्ही बाकीच्या रोलचा वेळ ठरवू.

या कामासाठीच बनलेली फिल्म म्हणजे चेक प्रजासत्ताकातल्या फोमा कंपनीची फोमापॅन आर १००. एकेकाळी लोकप्रिय असलेली अ‍ॅग्फा स्काला २०० आता बनत नाही. इलफोर्ड एफपी४ प्लस, पॅन एफ प्लस किंवा कोडॅक टी-मॅक्स १०० यांवरही चांगल्या स्लाइड होतात. ज्या फिल्मचा बेस (खालची प्लॅस्टिकची पट्टी) करडा असतो, तिच्यातले पांढरे पडद्यावर मळकट दिसते. इलफोर्डची एक्सपी२ सुपर आणू नका. ती रंगीत निगेटिव्हच्या सी-४१ रसायनांत धुवायची फिल्म आहे.

घरात जुन्या निगेटिव्ह असतील तर त्यांच्याही स्लाइड होतात. निगेटिव्ह दुसऱ्या कृष्णधवल फिल्मवर कॉन्टॅक्ट पद्धतीने (फिल्मला फिल्म भिडवून) छापली की पॉझिटिव्ह मिळते. यात कॉन्ट्रास्ट जुळवायला वाव असतो आणि मूळ निगेटिव्ह हातात राहते. लग्नकार्यासारखा प्रसंग पुन्हा येणारा नसेल तर हाच मार्ग धरा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

स्लाइड ५० × ५० मिलिमीटरच्या प्लॅस्टिक माउंटमध्ये मिळतील. काचेच्या माउंटमध्ये दमट हवा अडकून बुरशी धरते, म्हणून आम्ही ते सुचवत नाही. पावसाळ्यात डबा घट्ट झाकणाचा असावा, आत सिलिका जेल ठेवावे. प्रोजेक्टरमध्ये एकच स्लाइड फार वेळ ठेवू नये. दिव्याच्या उष्णतेने फिल्म फुगते आणि फोकस हलतो.

रोल देताना डबीवर ‘रिव्हर्सल’ असे ठळक लिहा, आणि मीटरवर कोणता आयएसओ (फिल्मच्या संवेदनशीलतेचा आकडा) लावला होता तेही लिहा. एकदा निगेटिव्ह म्हणून फिक्स झालेल्या रोलचे रिव्हर्सल होत नाही.