सेल्फीत नाक मोठं आणि डोंगर छोटा का येतो?

एकटं फिरायला गेलं की हे हमखास होतं, दोन-तीन तास चढून वर पोचतो, समोर आख्खा डोंगर उभा असतो, हात लांब करून सेल्फी काढतो आणि नंतर बघतो तर फोटोभर आपलंच तोंड, तेही नाक फुगलेलं, आणि डोंगर कुठेतरी खांद्यामागे टेकडीएवढा. माझ्याकडे असे ढीगभर फोटो आहेत आणि कितीतरी वर्षं मला वाटायचं की आपला चेहराच फोटोत चांगला येत नाही. तसं नसतं. मोबाईल फार जवळ असतो, एवढंच.

साधा हिशोब करू. मोबाईल नाकापासून ३० सेंटीमीटरवर धरला. कान नाकाच्या शेंड्यापेक्षा साधारण १२ सेंटीमीटर मागे असतात, म्हणजे कॅमेऱ्यापासून ४२ सेंटीमीटरवर. वस्तू जितकी लांब तितकी लहान दिसते, त्यामुळे नाकाच्या मानाने कान जवळपास ३० टक्के बारीक होतात आणि चेहरा पुढे ओढल्यासारखा वाटतो. आता तोच मोबाईल दीड मीटरवर ठेवा, फरक उरतो फक्त ७ टक्के! अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातले सर्जन बोरिस पास्खोवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये याचं मॉडेलच मांडलं, कारण लोक सेल्फी दाखवून नाक लहान करून मागत होते. त्यांच्या गणितात दीड मीटरच्या तुलनेत ३० सेंटीमीटरवरून नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. नुसत्या एका सेल्फीवरून कुणी ऑपरेशनचा विचार करत असेल तर प्लीज आधी हे वाचा.

बरेच जण म्हणतात हा वाइड लेन्सचा, म्हणजे जास्त रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सचा दोष, पण खरं कारण अंतर आहे, लेन्स वाइड असल्यामुळे आपण जवळ येऊ शकतो इतकंच.

आणि डोंगराचंही तेच. तो दोन किलोमीटर लांब आहे, त्याला तुमचा मोबाईल दीड मीटर मागे गेला काय नि पुढे आला काय, फरक पडत नाही. तुम्हाला मात्र पडतो. मोबाईल अर्ध्या मीटरवरून दोन मीटरवर नेला की फोटोत तुम्ही पावपट होता आणि डोंगर होता तेवढाच राहतो, म्हणजे तुमच्या मानाने तो चौपट मोठा झाला. मग दुप्पट झूम करा, दोघंही सारखेच मोठे होतात पण हे प्रमाण तसंच राहतं.

आता एकट्याने मोबाईल लांब न्यायचा कसा, तर १८३९ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियस नावाच्या हौशी फोटोग्राफरने स्वतःचाच फोटो काढताना केलं तसं. त्याने कॅमेरा मांडला, लेन्सचं झाकण काढलं आणि समोर जाऊन काही मिनिटं स्तब्ध राहिला. आपल्याला टायमरचे १० सेकंद पुरतात. मी मोबाईल दगडाला टेकवते, खाली रुमाल ठेवते म्हणजे घसरत नाही, उभं राहायच्या जागी एक खडा ठेवते आणि बॅक कॅमेरा लावते कारण त्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, बहुतेक फोनमध्ये मोठा असतो, संध्याकाळच्या कमी उजेडात ते लगेच कळतं.

बॅक कॅमेऱ्यातला चेहरा मात्र सुरुवातीला परका वाटतो. आपण आयुष्यभर स्वतःला आरशात उलटं बघितलेलं असतं ना. १९७७ च्या एका प्रयोगात बायकांना स्वतःचा आरशातल्यासारखा फोटो जास्त आवडला आणि त्यांच्या मैत्रिणींना सरळ फोटो, ज्याला जे रोज दिसतं ते. तेव्हा लगेच डिलीट करू नका, आधी घरच्यांना पाठवा.

अजून एक, मोबाईल हातात असला की आपण स्क्रीनकडे बघत मागे मागे सरकतो, आणि कड्यावर एकटं असताना मागून ओढायला कुणी नसतं. ऑक्टोबर २०११ ते नोव्हेंबर २०१७ या काळात सेल्फी काढताना झालेले २५९ मृत्यू बातम्यांमधून मोजले गेलेत. म्हणून तो खडा मी आधी ठेवते, कड्यापासून चांगला चार पावलं आत, आणि टायमर सुरू झाला की मागे न सरकता फक्त त्या खड्यापर्यंत जाते.