ब्रह्मगिरी (त्र्यंबकेश्वर)

ब्रह्मगिरी : नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर गावामागचा डोंगर व गिरिदुर्ग, गोदावरीचे उगमस्थान. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मी. नाशिकहून अंतर सुमारे २८ किमी. एसटी व सिटीलिंक या नाशिकच्या शहर बससेवेच्या बसने पाऊण ते एक तास. गडाला त्र्यंबकगड असेही म्हणतात. १८१८ मध्ये तो इंग्रजांनी घेतला. अरबी समुद्र इथून जेमतेम ८० किमीवर असूनही गोदावरी पूर्वेला वळते आणि सुमारे १,४६५ किमी वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. वैतरणा मात्र इथून पश्चिमेकडेच उतरते.

डोंगर बेसाल्टचा, थरावर थर रचलेला. पावसाचे पाणी पठारावर मुरते, भेगांतून खाली झिरपते आणि घट्ट थर लागला की आडवे सरकून कड्यातून बाहेर येते. म्हणून एकाच नदीची उगमस्थाने इथे वेगवेगळ्या उंचीवर दाखवतात : पठारावर मूळ गंगा, मध्यावर गंगाद्वार, पायथ्याशी कुशावर्त कुंड. ब्रह्मगिरी पाहायचा तो या क्रमाने, वरून खाली. देवळात दर्शन घेऊन डोंगराचा फोटो काढून परतणाऱ्याला यातले फारसे काही कळत नाही.

चढाई : कुशावर्तापासून वर निघाल्यावर वाट फुटते; एक गंगाद्वाराला जाते, डावीकडची गडावर. सुरुवातीला बांधीव पायऱ्या, मध्ये जुनी दगडी धर्मशाळा, त्यानंतर कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि दरवाजे. या टप्प्यात दोन्ही बाजूंना उभा कातळ असल्याने भर उन्हातही गार वाटते. माथ्यावर पोहोचायला दीड ते दोन तास लागतात. पठारावर सावली नाही, त्यामुळे सकाळी सातच्या आत चढायला लागावे. माणशी दोन लिटर पाणी हवेच. वाटेत गावकऱ्यांकडे लिंबू सरबत, काकडी, ताक मिळते, पण ते गर्दीच्या दिवसांत. माकडे फार. हातात प्लॅस्टिकची पिशवी दिसली की ती खाऊची समजून ओढतात, म्हणून सारे पाठीवरच्या बंद पिशवीत ठेवावे आणि काठी नुसती हातात असू द्यावी, उगारू नये.

माथ्यावर मूळ गंगेचे देऊळ आणि पुढे जटामंदिर आहे. शंकराने इथे जटा आपटल्या आणि गंगा भूमीवर उतरली, अशी श्रद्धा. पावसाळ्यात पठारावर धुके असे उतरते की दहा पावलांपलीकडची वाट दिसत नाही; चुकणारे बहुतेक इथेच चुकतात, कारण उघड्या माळावर पायवाटा अनेक आणि खुणा कमी. धुके आले तर आहे त्या जागी थांबावे, कड्याच्या दिशेने अंदाज घेत जाऊ नये.

जटामंदिराच्या मागून दुर्गभांडार या गडाच्या जोडभागाची वाट आहे. कातळ चिरून केलेल्या खोल, अरुंद जिन्याने खाली उतरायचे, तळाच्या बुटक्या दरवाजातून रांगत बाहेर पडायचे की समोर दोन्ही बाजूंना दरी असलेली दगडी चिंचोळी धार लागते. पलीकडे पुन्हा तसाच दरवाजा आणि तसाच जिना. सह्याद्रीतल्या दुर्गरचनेचा हा अव्वल नमुना आहे. पावसात मात्र टाळावा : जिन्यातून पाणी वाहते आणि पायऱ्यांवर शेवाळ धरते. दुर्गभांडार धरून येऊन-जाऊन पाच-सहा तास लागतात.

गंगाद्वाराला पायऱ्यांची स्वतंत्र चढण आहे. तिथे गोमुखातून पडणारी बारीक धार, गोरखनाथांची गुहा आणि कातळात कोरलेली १०८ शिवलिंगे आहेत.

मंदिर व कुशावर्त : सध्याचे काळ्या पाषाणातले त्र्यंबकेश्वर मंदिर नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतले. बारा ज्योतिर्लिंगांपैकी हे एक. नेहमीची शाळुंका (पिंडीची बैठक) इथे आहे, पण वर उठलेले लिंग नाही. खळग्यात अंगठ्याएवढी तीन लिंगे, ब्रह्मा, विष्णू व महेश यांची. बाहेरून ती दिसावीत म्हणून आरसा लावलेला आहे. रांगेत पुढे आल्यावर नजर त्या आरशाकडे ठेवावी, नाहीतर क्षणात पुढे ढकलले जाते. दर सोमवारी त्र्यंबकराजाची पालखी कुशावर्तावर स्नानाला जाते. सिंहस्थ कुंभमेळ्यात शैव आखाड्यांचे स्नान याच कुंडात होते.

फेरी : श्रावणात, विशेषतः तिसऱ्या सोमवारी, डोंगर उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालतात. लहान फेरी सुमारे २० किमी, मोठी सुमारे ४० किमी. कुशावर्तावर स्नान करून लोक रविवारी रात्रीच निघतात; प्रयागतीर्थ, पेगलवाडी, पहिने, सापगाव अशी वाट. अनवाणी चालण्याची प्रथा आहे, पण भिजून मऊ झालेल्या तळव्यांना डांबरी रस्त्यावरची बारीक खडी चिखलापेक्षा जास्त सोलते. नवख्याने जुने, सवयीचे बूट घालावेत. नवे बूट पहिन्याच्या आतच टाच फोडतात. त्या दिवशी खासगी गाड्या गावाबाहेरच अडवतात, तेव्हा एसटीच बरी. पहिने आणि दुगारवाडीच्या धबधब्यांत ऊन असतानाही उतरू नये. वर डोंगरात पाऊस झाला की ओढा काही मिनिटांत फुगतो आणि परतीची वाट बंद होते.

पुढचे पाणी : गावाबाहेर बेझे गावाजवळच्या चक्रतीर्थाला नदी पुन्हा जोमाने प्रकटते, असे मानतात. पुढे १९६५ साली पूर्ण झालेल्या गंगापूर या मातीच्या धरणात ती थांबते. नाशिकच्या नळाला येणारे पाणी मुख्यतः इथलेच. जलाशयाकाठी संध्याकाळी थांबावे, मावळतीला डोंगरांची रांग दिसते. मात्र उगमाच्या गावातच गोदावरीच्या पात्रावर सिमेंटचे आच्छादन घातले गेले आहे. कुशावर्ताकडून बसस्थानकाकडे जाणारा यात्रेकरू नदीवरून चालतो, तरी त्याला ती दिसत नाही.