टॉलग्रास प्रेरी आणि १८० एकरांची अट

अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या फ्लिंट हिल्समध्ये टॉलग्रास प्रेरीचं, म्हणजे उंच गवताच्या माळरानाचं, राष्ट्रीय राखीव क्षेत्र आहे. प्रवेशशुल्क नाही, पायवाटा चोवीस तास खुल्या आणि त्यांची लांबी चाळीस मैलांहून अधिक. तरी पहिल्यांदा येणारे बुचकळ्यात पडतात, कारण जागोजागी तारेची कुंपणं आहेत आणि आत मांसासाठी पोसलेली गुरं चरत असतात. याचं मूळ १९९६ च्या कायद्यात आहे.

उंच गवताची ही प्रेरी एकेकाळी सुमारे १७ कोटी एकरांवर होती. आज चार टक्क्यांहून कमी उरली आहे. बाकीची मका-सोयाबीनखाली गेली. फ्लिंट हिल्स वाचल्या त्या दगडामुळे. मातीचा थर पातळ, खाली चुनखडक आणि गारगोटी, त्यामुळे नांगर चालला नाही. इथल्या कॉ या मूळनिवासी लोकांना १८७३ मध्ये आजच्या ओक्लाहोमात हलवलं गेलं आणि गुरंवाल्यांचा जम बसला. राखीव क्षेत्रातला चुनखडीचा तीनमजली वाडा १८८१ चा.

राष्ट्रीय उद्यानाची मागणी जुनीच. १९६१ साली दुसऱ्या एका प्रस्तावित जागेची पाहणी करायला आलेल्या केंद्रीय मंत्र्याला तिथल्या एका पशुपालकाने सरळ निघून जायला सांगितलं. या विरोधाला निव्वळ आडमुठेपणा म्हणून मोडीत काढणं सोपं आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या गवत राखलं ते याच लोकांनी, आणि सरकारने जमीन घेतली की स्थानिक कराचं उत्पन्न बुडतं ही तक्रारही खोटी नव्हती. तीसेक वर्षं प्रस्ताव येत राहिले, पडत राहिले.

१९९४ मध्ये एका खाजगी संस्थेने जवळपास ११ हजार एकरांचं रँच (गुरं चारण्याची मोठी जमीन) विकत घेतलं, तेव्हा कोंडी फुटली. दोन वर्षांनी कायदा झाला, पण सरकारने इथे जास्तीत जास्त १८० एकर जमीनच बाळगावी या अटीवर. म्हणजे दोन टक्केसुद्धा नाही. उरलेली जमीन खाजगी मालकीची, देखरेख मात्र केंद्रीय उद्यान खात्याच्या भागीदारीत. "उद्यान" हा शब्दही टाळला गेला. निसर्गप्रेमींना ही तडजोड पांगळी वाटली. ती नसती तर बहुधा काहीच हाती लागलं नसतं.

खाजगी मालकीची किंमतही मोजावी लागली. मूळ संस्थेला आर्थिक भार पेलवेना. २००५ मध्ये दुसऱ्या, मोठ्या संवर्धन संस्थेने जमीन घेतली. तोवर चराई परिसरातल्या रिवाजाप्रमाणेच चाले: वसंतात सगळं रान जाळायचं आणि कोवळ्या गवतावर थोड्या आठवड्यांसाठी दुप्पट गुरं सोडायची. जनावरांचं वजन झपाट्याने वाढे, पण जमिनीवर घरटं करणाऱ्या प्रेरी कोंबडीला आडोसाच उरत नसे. नव्या मालकांनी रान तुकड्यातुकड्याने, आळीपाळीने जाळायला सुरुवात केली. २००९ मध्ये साउथ डकोटातून १३ बायसन (अमेरिकेतले रानगवे) आणले. त्यांच्या कुरणातूनही पायवाट जाते, मात्र शंभर यार्डांचं अंतर राखावं लागतं. माणसापेक्षा उंच गवत बघायचं असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर गाठावा, मे महिन्यात ते घोट्याशी असतं.

आगीबद्दल इथे कोणाचं दुमत नाही. ती थांबली तर झाडोरा माजतो आणि प्रेरी संपते. तक्रार येते ती धुराची. एप्रिलमध्ये साऱ्या फ्लिंट हिल्सचा धूर कॅन्सस सिटीपर्यंत पोचतो, तिथल्या हवेत श्वसनाला घातक अशा ओझोनची पातळी वाढते. २०१० मध्ये राज्याने धूर आटोक्यात ठेवण्याचा आराखडा केला, पण तो बराचसा ऐच्छिक आहे.