रिंग तीच, पण इलेक्ट्रॉन सहा की पाच?

"सर, रिंग तर तीच आली की! मग नाव वेगळं कशाला?" खानापूरहून रोज बेळगावला येणाऱ्या एका विद्यार्थिनीनं फळ्याकडं बघत विचारलं. फळ्यावर साध्या डील्स-आल्डर अभिक्रियेशेजारी मी 'रॅडिकल कॅटायन डील्स-आल्डर' लिहिली होती. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या आमच्या मुलांना बीएस्सीत हे सगळं एकदम इंग्रजीतून भेटतं, म्हणून इथं मराठीत लिहितोय.

साधी डील्स-आल्डर अभिक्रिया, म्हणजे दोन रेणू जुळून सहा अणूंची रिंग होणं, १९२८ सालची. तिच्यासाठी ऑटो डील्स आणि कुर्ट आल्डर यांना १९५० मध्ये नोबेल मिळालं. डाईनचे (शेजारशेजारी दोन दुहेरी बंध असलेला रेणू) चार पाय-इलेक्ट्रॉन, म्हणजे दुहेरी बंधातले, आणि डायनोफाइलचे (डाईनला जुळणारा दुहेरी बंधाचा रेणू) दोन, मिळून सहा. मात्र एकाकडं इलेक्ट्रॉन भरपूर आणि दुसऱ्याकडं ओढ असेल, तरच ती सहज होते.

आता बडीशेपेला वास देणारं अ‍ॅनेथोल घ्या. इलेक्ट्रॉन देणाऱ्या मिथॉक्सी गटामुळं त्याचा दुहेरी बंध इलेक्ट्रॉनांनी भरलेला, समोरचं डाईन, आयसोप्रीन, तेही तसंच. दोघंही देणारे, घेणारा कुणीच नाही. पण अ‍ॅनेथोलमधून एकच इलेक्ट्रॉन काढला की रॅडिकल कॅटायन, म्हणजे धनभार आणि एकटा इलेक्ट्रॉन असलेला आयन, तयार होतो. आता त्यालाच इलेक्ट्रॉनची भूक लागते. डाईनचे चार आणि याचा उरलेला एक, अशा पाच इलेक्ट्रॉनांवर रिंग जुळते. जुळलेली रिंग पुढच्या अ‍ॅनेथोलकडून एक इलेक्ट्रॉन घेते आणि साखळी चालू राहते. म्हणूनच पहिला इलेक्ट्रॉन काढणारा ऑक्सिडीकारक चिमूटभरच लागतो. मला यातला हाच भाग सगळ्यात सुंदर वाटतो.

फरक किती पडतो? १,३-सायक्लोहेक्झाडाईनचे दोन रेणू नुसत्या उष्णतेनं जोडायला २०० अंश सेल्सिअसला वीस तास, तरी उत्पादन ३० टक्क्यांच्या आसपास. १९८१ मध्ये नेथन बॉल्ड यांच्या गटानं अमिनियम क्षार हा ऑक्सिडीकारक वापरून तेच शून्य अंशाला पंधरा मिनिटांत ७० टक्क्यांवर नेलं.

रॅडिकल कॅटायनला कार्बोकॅटायन समजू नका. धनभार दोघांवर असतो, पण कार्बोकॅटायनमध्ये सगळे इलेक्ट्रॉन जोडीत असतात, तर इथं एक एकटा राहतो. म्हणून इथं इलेक्ट्रॉनची हालचाल दाखवणाऱ्या बाणाचं अर्धंच टोक काढायचं.

अ‍ॅनेथोलचा इलेक्ट्रॉन रुथेनियमच्या संयुगानं दृश्य प्रकाशात काढता येतो. प्रश्नात दिवा दिसला की मुलं लगेच [२+२], म्हणजे प्रकाशानं उत्तेजित होऊन जुळणारी चार अणूंची रिंग, लिहितात. इथं दिव्याचं काम रुथेनियमला उत्तेजित करण्यापुरतं. डाईन आणि अ‍ॅनेथोल आपली रिंग मूळ ऊर्जापातळीवरच, म्हणजे स्वतः उत्तेजित न होता, जुळवतात.