मास्तरांनी चूक म्हटलं तीच पुढे स्पॅनिश झाली

स्पॅनिश शिकायला लागले तेव्हा एका जुन्या यादीने मला वेड लावलं होतं. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत कुणा लॅटिनच्या मास्तरांनी केलेली ही यादी, शब्दांच्या दोनशेहून जास्त जोड्या, आणि सगळ्यांचा साचा एकच, असं म्हणा, तसं म्हणू नका. आरशाला 'स्पेक्युलुम' म्हणा, 'स्पेक्लुम' नको. कानाला 'औरिस' म्हणा, 'ओरिक्ला' नको. म्हाताऱ्याला 'वेतुलुस' म्हणा, 'वेक्लुस' नको. आता आजची स्पॅनिश बघा, आरसा म्हणजे एस्पेहो, कान म्हणजे ओरेहा, म्हातारा म्हणजे व्येहो, आणि हे तिन्ही शब्द मास्तरांनी फुली मारलेल्या शब्दांतूनच आलेत. स्पॅनिशचा इतिहास सांगायचा तर मी राजांपासून नाही, या यादीपासूनच सुरुवात करते, कारण भाषा पुस्तकातल्या लॅटिनमधून नाही, बाजारात बोलल्या जाणाऱ्या लॅटिनमधून तयार झालीये.

रोमन लोक स्पेनमधे उतरले इ.स.पू. २१८ मधे, उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजशी लढाई चालू होती म्हणून. सगळा द्वीपकल्प ताब्यात यायला मात्र इ.स.पू. १९ उजाडलं, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षं. सेव्हिलजवळ इतालिका नावाचं गाव इ.स.पू. २०६ मधे रोमन सेनापती सिपिओने जखमी सैनिकांसाठी वसवलं, आणि अशाच सैनिकांची, व्यापाऱ्यांची, जमीन मिळालेल्या म्हाताऱ्या शिपायांची बोली तिथल्या लोकांच्या कानावर रोज पडत होती. जुन्या इबेरियन, केल्टिबेरियन वगैरे भाषा हळूहळू संपल्या, टिकली फक्त डोंगरातली बास्क.

पुढे पाचव्या शतकात रोमची सत्ता ढासळली, व्हिसिगॉथ नावाचे जर्मानिक टोळीवाले आले, पण त्यांनी लोकांची भाषा बदलली नाही, उलट स्वतःच लॅटिन बोलायला लागले. मधल्या शतकांत उच्चार घासत गेले आणि ते कसे घासले हे मराठी माणसाला पटकन कळतं. आपल्याकडे संस्कृत 'अष्ट'चं प्राकृतात 'अट्ठ' झालं आणि मराठीत 'आठ', तसंच 'सप्त'चं 'सत्त', मग 'सात'. लॅटिन 'ओक्तो'चं इटालियनमधे 'ओत्तो' झालं, म्हणजे अगदी आपल्या प्राकृताच्या वाटेने, दोन वेगळी व्यंजनं एकमेकांत मिसळून एकच व्यंजन दुप्पट झालं. स्पॅनिशने तिथे वेगळं वळण घेतलं, 'क्त'चा 'च' केला, म्हणून आठ म्हणजे ओचो, रात्र म्हणजे नोचे, दूध म्हणजे लेचे. अजून एक खास कास्तिलियन गोष्ट (कास्तिल राज्याची बोली ती कास्तिलियन, तीच पुढे स्पॅनिश झाली) म्हणजे सुरुवातीचा 'फ' गळाला, आधी 'ह' झाला मग तोही गेला. लॅटिन 'फिलियुस'चं इहो (मुलगा), 'फारिना'चं आरिना (पीठ). लिहिताना 'ह' अजून लिहितात, बोलताना नाही. शेजारच्या बास्क भाषेमुळे हे झालं असं काही अभ्यासक म्हणतात, काहींना ते पटत नाही.

७११ मधे उत्तर आफ्रिकेतून मुस्लिम सैन्य आलं आणि पुढची जवळजवळ आठशे वर्षं अरबी भाषा शेजारी नांदली. शेती, पाणी, कारभार, घरातल्या वस्तू, सगळीकडे अरबी शब्द शिरले. तेलाला आसेइते, उशीला आल्मोआदा, 'असं होवो' म्हणायचं तर ओहाला, त्याच्या पोटात अल्लाचं नाव आहे. आणि साखर! संस्कृत 'शर्करा' फारसीत गेली, तिथून अरबीत 'सुक्कर' झाली, आणि स्पेनमधे 'आसुकार' म्हणून पोचली. नारिंगाचंही तसंच, स्पॅनिशमधे नारान्हा. मराठी माणूस माद्रिदच्या बाजारात उभा राहिला तर त्याला ओळखीचे दोन शब्द असे अचानक भेटतात, आणि मला तरी त्याचा फार आनंद होतो.

कास्तिल हे उत्तरेतलं छोटंसं राज्य दक्षिणेकडे सरकत गेलं आणि त्याची बोली बरोबर गेली. राजा दहावा आल्फोन्सो (राज्यकाळ १२५२ ते १२८४) याने कायदे, इतिहास, खगोलशास्त्र लॅटिनऐवजी कास्तिलियनमधे लिहून घेतलं. माझ्या मते बोलीची भाषा झाली ती इथे, कारण राजाच्या कचेरीत वापरली गेली की तिला कमी लेखणं अवघड जातं.

मग १४९२. जानेवारीत मुस्लिमांचं शेवटचं राज्य ग्रानादा पडलं, मार्चमधे ज्यूंना देशाबाहेर काढायचा हुकूम निघाला, ३ ऑगस्टला कोलंबस निघाला, आणि १८ ऑगस्टला सालामांकात नेब्रिहा नावाच्या विद्वानाचं कास्तिलियन व्याकरण छापून झालं. प्रस्तावनेत त्याने राणी इसाबेलाला लिहिलं की भाषा ही नेहमीच साम्राज्याची सोबतीण राहिली आहे. राणीने आधी विचारलं होतं की याचा उपयोग काय, तर आविलाच्या बिशपने उत्तर दिलं की जिंकलेल्या लोकांना आपले कायदे घ्यावे लागतील, आणि कायद्याबरोबर भाषाही. पुस्तक छापून झालं तेव्हा कोलंबस वाटेत होता आणि पलीकडे काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, हे आठवलं की अंगावर काटा येतो.

पण अमेरिकेत प्रत्यक्षात घडलं ते इतकं सरळ नाही. कॅरिबियन बेटांवरचे ताइनो लोक रोगराई आणि वेठबिगारीने काही दशकांत जवळजवळ संपले, त्यांची भाषा शब्दांपुरती उरली, कानोआ (होडी), आमाका (झोळी), माइस (मका), बताता. हा बताता म्हणजे रताळं, पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आला आणि इथे बटाटा झाला. मेक्सिकोत १५१९ मधे स्पॅनिश सरदार कोर्तेसकडे दुभाष्यांची साखळी होती, मालिन्त्सिन नावाची बाई नाहुआत्लचं, म्हणजे तिथल्या अ‍ॅझ्टेक लोकांच्या भाषेचं, माया भाषेत करायची आणि जहाज फुटून माया लोकांत अडकलेला आगिलार नावाचा स्पॅनिश माणूस मायाचं स्पॅनिशमधे. एक वाक्य दोन माणसांतून जायचं आणि त्यावर एका साम्राज्याचं भवितव्य ठरत होतं.

नंतर जे मिशनरी आले ते तर बहुतेक स्थानिक भाषाच शिकले, व्याकरणं, शब्दकोश लिहिले, कारण धर्म त्या भाषेत लवकर पोचायचा. गोव्यात थॉमस स्टीफन्सने मराठीत ख्रिस्तपुराण रचलं, १६१६ मधे ते छापलं गेलं, त्यामागचा हिशेब वेगळा नव्हता, आणि पुढे १६८४ मधे कोकणीवर बंदीचा हुकूमही तिथेच निघाला. स्पॅनिश अमेरिकेतही असंच वळण आलं. १५७० मधे स्पेनच्या राजा दुसऱ्या फिलिपने नाहुआत्लला मेक्सिकोतल्या मूळ लोकांची अधिकृत भाषा मानलं, आणि १७७० मधे राजा तिसऱ्या कार्लोसने हुकूम काढला की या भाषा संपवा, फक्त स्पॅनिश चालवा.

तरी १८२१ मधे मेक्सिको स्वतंत्र झाला तेव्हा तिथले बहुतेक लोक घरी स्पॅनिश बोलतच नव्हते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दोनदा तपासलं. स्पॅनिश खऱ्या अर्थाने गावोगाव पसरली ती स्पेन गेल्यावर, नव्या प्रजासत्ताकांच्या शाळांमधून, जिथे आईची भाषा बोलली म्हणून पोरांनी मार खाल्ला. सत्ता परकी होती तोवर भाषा मोठ्या शहरांत, कचेरीत आणि चर्चमधे राहिली, आपल्याच सरकारने ती वर्गात आणली. मला यातला हा भाग सगळ्यात जास्त दुखतो आणि पुस्तकांत याला एखाद-दुसरी ओळच मिळते.

उलट उदाहरण फिलिपिन्सचं. १५६५ पासून १८९८ पर्यंत स्पेनचं राज्य, तीनशे तेहतीस वर्षं, पण स्पॅनिश माणसं थोडी, पाद्री तागालोगमधेच प्रवचन करायचे, आणि मग अमेरिकन आले ते इंग्रजी शाळा घेऊन. स्पॅनिश लोकभाषा झालीच नाही. साम्बोआंगात तिची चावाकानो नावाची मिश्र बोली राहिली, आणि मनिलात आजही ओळखीचं माणूस भेटलं की विचारतात, 'कुमुस्ता?', तो स्पॅनिश 'कोमो एस्ता', म्हणजे कसं काय.